फ्लेक्स, स्टेटस आणि भाषण: लिहिण्याआधी काय तपासावे

गणेशोत्सव जवळ आला की संध्याकाळी माझ्या कार्यालयात पक्षकारांपेक्षा मंडळांचे कार्यकर्तेच अधिक येतात. मी सांगलीत वकिली करतो, आणि काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या फ्लेक्सचा मजकूर छपाईपूर्वी वाचून दिल्यापासून हे काम माझ्या मागे लागले आहे. मागच्या खेपेस दोन तरुण मोबाईलवर प्रूफ घेऊन आले. मिरवणुकीचा मार्ग पोलिसांनी बदलला होता, त्याचा त्यांना राग होता, आणि प्रूफवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिले होते: ‘आमच्या बाप्पाच्या वाटेत येणाऱ्यांना यंदा त्यांची जागा दाखवू.’ ‘येणाऱ्यांना’ म्हणजे कोणाला, एवढेच मी विचारले. एक जण म्हणाला, पोलिसांना. दुसरा काही बोलला नाही. फ्लेक्स लागणार कुठे, असे विचारले तेव्हा कळले की ज्या चौकात तो लागणार होता, तेथूनच दुसऱ्या समाजाची वस्ती सुरू होते. अर्ध्या तासाने मजकूर असा झाला: ‘मिरवणुकीचा पारंपरिक मार्ग आम्हाला परत मिळालाच पाहिजे. पोलीस प्रशासनाने निर्णयाचा फेरविचार करावा.’ “सर, यात धार राहिली नाही,” असे पहिल्याचे म्हणणे पडले. मला तसे वाटले नाही. ज्या कार्यालयाने निर्णय घेतला होता, त्याचे नाव आता पहिल्यांदाच फ्लेक्सवर आले होते.

त्या अर्ध्या तासात काय काय तपासले, ते येथे सविस्तर सांगतो. फ्लेक्स असो, मोबाईलवरचे स्टेटस असो, ग्रुपवर पुढे ढकललेला संदेश असो की सभेतले भाषण असो, तपासणी थोड्याफार फरकाने एकच आहे. लोकांनी तोंड बंद ठेवावे असा यामागचा हेतू नाही, कारण गप्प बसण्यासाठी कोणाला मार्गदर्शनाची गरज नसते. ज्याला बोलायचे आहे आणि बोलून झाल्यावर त्या शब्दांच्या पाठीशी उभेही राहायचे आहे, त्याच्यासाठी हे लिहीत आहे.

आपल्या भागात ही काळजी अधिक का लागते, हे स्थानिक वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात शास्त्रीय गायनाची सभा होते आणि ती ऐकायला सर्व धर्मांचे लोक बसतात. वाळवा तालुक्यातील गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. जतच्या पूर्व भागात घरोघरी कन्नड बोलली जाते. लिंगायत, जैन, मराठा, धनगर, बौद्ध, मुस्लिम, मारवाडी, गुजराती अशा सर्वांची दुकाने एकाच पेठेत आहेत, आणि बांधकामांवर बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले मजूर आहेत. याच मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवाच्या कमानीवरील चित्रावरून दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि तिचे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पोहोचले. साताऱ्यात खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. मजकुराची लांबी काही ओळींचीच असते.

आधी राज्यघटनेतील मूळ शब्द वाचावेत

बहुतेक वाद ‘आम्हाला भाषणस्वातंत्र्य आहे’ आणि ‘आमच्या भावना दुखावल्या’ या दोन वाक्यांमध्येच अडकून पडतात, आणि दोन्ही बाजूंनी मूळ अनुच्छेद वाचलेला नसतो. अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद १९(२) त्यावर ‘वाजवी निर्बंध’ घालण्याची मुभा शासनाला देतो, पण ती कोणत्याही कारणासाठी नाही. भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी, एवढी आठच कारणे तेथे मोजून दिली आहेत. त्यांपैकी सार्वजनिक सुव्यवस्था आणि चिथावणी ही कारणे, तसेच ‘वाजवी’ हा शब्द, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले, आणि ती दुरुस्ती संसदेत मांडली गेली तेव्हा कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव पटावर आले, ते हेच बाबासाहेब. मूलभूत हक्क अमर्याद नसतात, हे त्यांनी घटना समितीतही ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात स्पष्टपणे मांडले होते.

त्या आठ कारणांत ‘भावना दुखावणे’ हे कारण नाही, हे तक्रारदाराने आणि लेखकानेही ध्यानात ठेवावे. धार्मिक भावनांबद्दलचे कलम आहे, पूर्वीच्या दंड संहितेत ते २९५-अ होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते २९९ आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ते वैध ठरवले, ते अशा अटीवर की शिक्षा केवळ हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अपमानाला आहे, अनवधानाने किंवा अभ्यासातून झालेल्या टीकेला नाही. दुसरे महत्त्वाचे कलम १९६, पूर्वीचे १५३-अ, हे धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात अशा कारणांवरून गटागटांत शत्रुत्व वाढवण्याबद्दल आहे. या दोन्ही कलमांखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि १९६ खालचा गुन्हा प्रार्थनास्थळी घडला तर पाच वर्षांपर्यंत. कलम ३५३ अफवा पसरवण्याबद्दल आहे. त्याच्याकडे पुढे वळू.

मजकूर कोणाच्या डोक्याने वाचायचा, हाही प्रश्न कायद्याने सोडवलेला आहे. नागपूर उच्च न्यायालयात १९४६ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असे ठरवले की शब्दांचा परिणाम समजूतदार, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने मोजावा. दुबळ्या मनाच्या, किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या माणसाच्या मापाने मोजू नये. हे जुने माप अलीकडेच आपल्या शेजारी वापरले गेले. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयातील प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये अनुच्छेद ३७० रद्द करण्यावर टीका करणारे आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारे स्टेटस ठेवले, त्यावरून हातकणंगले पोलीस ठाण्यात १५३-अ खाली गुन्हा दाखल झाला, आणि ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. हक्क शाबूत राहिला. पण त्यासाठी एका शिक्षकाला दीड वर्षाहून अधिक काळ दिल्लीपर्यंत चकरा घालाव्या लागल्या, हेही त्याच निकालपत्रातून दिसते. स्टेटस ठेवताना या दोन्ही बाजू डोळ्यांसमोर असाव्यात.

वाक्याचा कर्ता आणि क्रियापद तपासावे

कायदा समजला तरी हातातला मजकूर तपासायचा कसा, हे उरतेच. माझी पद्धत शाळेतल्या व्याकरणाची आहे. प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि पाहावे की ज्याच्यावर टीका आहे तो कोण: एखादी कृती, रूढी, धोरण, संस्था, नेता, की जन्माने एकत्र आलेला माणसांचा समूह? ‘या प्रथेमुळे मुलींचे शिक्षण थांबते’ या वाक्यात प्रथा कर्ती आहे. ‘हे लोक मुलींना शिकू देत नाहीत’ या वाक्यात शेजारची सगळी आळी कर्ती झाली, आणि तिच्यात स्वतःच्या मुलीला पुण्याला शिकायला पाठवणारा बापही अडकला. माहिती तीच आहे, राग तोच आहे, पण पहिल्या वाक्याला उत्तर देता येते, दुसऱ्याला फक्त प्रत्युत्तर देता येते.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले, आणि जो २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यानंतर त्याच वर्षी झाला, तो जादूटोणाविरोधी कायदा या दृष्टीने मुद्दाम वाचण्यासारखा आहे. त्याच्या अनुसूचीत कृतींची यादी आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, अमानुष कृत्ये करायला लावणे, चमत्काराच्या नावाने फसवणे. कोणत्याही धर्माचे किंवा जातीचे नाव त्यात नाही. इतक्या तापलेल्या विषयावर इतके नेमके लिहिता येते, तर आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर का येऊ नये, असा प्रश्न मी मंडळांना विचारतो.

मग क्रियापदाकडे यावे. मराठीत आज्ञार्थ फार सहज लागतो, आणि बहुतेक अनर्थ तेथेच असतो. ‘धडा शिकवा’, ‘दाखवून द्या’, ‘हिशेब चुकता करा’, ‘यांच्याकडून काही घेऊ नका’ या साऱ्यांत वाचणाऱ्याला काहीतरी करायला सांगितले आहे, आणि जे सांगितले ते माणसांविरुद्ध आहे. ‘निवेदन द्या’, ‘सभेला या’, ‘मतदान करा’ हेही आज्ञार्थच आहेत, पण ती कृती कायद्यात बसते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द करताना चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या, आणि पहिल्या दोन कितीही कटू असल्या तरी त्यांना संरक्षण आहे, हात घालायचा तो तिसरीला, असे म्हटले. (तो सारा खटला उभा राहण्याला एक कारण पालघरच्या दोन तरुणींची २०१२ मधली अटक हे होते, एकीने मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने त्या आवडल्याचे बटण दाबले होते.) आज्ञार्थी क्रियापद हे तिसऱ्या पायरीचे बहुधा पहिले चिन्ह असते.

आणखी दोन बारीक गोष्टी मराठी माणसालाच दिसतात. एक म्हणजे ‘च’. ‘त्यांनी दगड मारले’ आणि ‘त्यांनीच दगड मारले’ यांत एका अक्षराने बातमीचा आरोप होतो, आणि तो आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. दुसरी म्हणजे ‘म्हणे’. ‘तिकडे म्हणे काहीतरी मिसळतात’ असे लिहिले की आपण नामानिराळे झालो, असा समज असतो. तसे होत नाही. कलम ३५३ मध्ये विधान, खोटी माहिती, अफवा आणि वृत्त हे सारे एकाच ओळीत आहे, आणि ते करणारा, प्रसिद्ध करणारा व फिरवणारा हेही एकाच ओळीत आहेत. ‘म्हणे’ लावून अफवेची अफवाच राहते.

एवढे करूनही शंका राहिली तर मी एक उलटापालट करून पाहतो. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरलेले आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांचे मामा, मेहुणे तामिळनाडूत, केरळात, आसामात दुकान मांडून बसले आहेत. तेथल्या एखाद्या चौकात तेथल्या भाषेत हेच वाक्य ‘मराठी लोकांबद्दल’ लागले, तर आपला माणूस संध्याकाळी दुकान उघडे ठेवेल का? ज्या वाक्याने त्याला शटर ओढावेसे वाटेल, ते वाक्य येथेही लावू नये. आटपाडीच्या एका मंडळात हे उदाहरण दिले, तेव्हा पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

जागा, वेळ आणि आकार

तेच वाक्य व्याख्यानमालेत वेगळे असते, चौकात वेगळे आणि प्रार्थनास्थळासमोर डीजे थांबवून घोषणा म्हणून दिले तर फारच वेगळे. प्रतापगडाखालची १० नोव्हेंबर १६५९ ची भेट हा इतिहास आहे, तो शाळेत शिकवला जातो, आणि तो सांगण्यावर कोणाची हरकत असू शकत नाही. २००९ च्या मिरजेत प्रश्न निर्माण झाला तो त्या प्रसंगाचे चित्र उत्सवाच्या कमानीवर, गर्दीच्या दिवसांत उभे राहिल्यावर. कायद्याचा विचार केला तर चित्र लावणाऱ्याची बाजू मांडता येते, कारण सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका चित्रपटाच्या खटल्यात असे म्हटले आहे की अभिव्यक्ती आणि धोका यांचा संबंध दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका थेट असला पाहिजे, आणि निदर्शनांच्या धमकीपुढे हात टेकून शासनाला अभिव्यक्ती दडपता येत नाही. दंगल करणाऱ्याचा दोष चित्राच्या माथी मारू नये, हे मलाही मान्य आहे. पण मंडळाच्या अध्यक्षाने न्यायालयात काय टिकेल एवढेच पाहून चालत नाही; त्याच्या मागे विसर्जनाला आलेली लहान मुले आणि बायामाणसे असतात. म्हणून मी अध्यक्षांना हक्काचा प्रश्न आणि निवडीचा प्रश्न वेगवेगळ्या कागदांवर लिहायला सांगतो. ‘आम्ही हे लावू शकतो का?’ याचे उत्तर पुष्कळदा होय असते. ‘याच आठवड्यात, याच चौकात, वीस फुटांचे लावावे का?’ हे दुसऱ्या कागदावरचे आहे आणि त्याचे उत्तर वकिलाने द्यायचे नसते.

बोलणारा कोण, यानेही फरक पडतो. न्यायालये मजकुराबरोबर संदर्भ, हेतू आणि वक्त्याचे वजन पाहतात. ज्याच्या शब्दावर शंभर माणसे उठतात, त्याने चुलत्याशी पारावर बोलतो तसे माईकवर बोलू नये. सभेपूर्वी जिल्ह्यात मनाई आदेश लागू आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली) कलम १६३ खाली, जे पूर्वी १४४ म्हणून ओळखले जात असे, किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली असे आदेश निघतात आणि सणासुदीला ते असतातच.

फ्लेक्सपुरते एवढे सांगतो की महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी घ्यावी आणि तिचा क्रमांक व मुदत फ्लेक्सवर छापावी. बेकायदा होर्डिंगविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी जो कडक निकाल दिला, तो साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर दिला होता. मजकूर निर्दोष असून परवानगी नसल्याने फ्लेक्स उतरला, तरी लोक तो मजकुरामुळे उतरवला असेच समजतात आणि नसलेला वाद उभा राहतो.

व्यक्तीचे नाव घेऊन लिहिताना

येथे कसोटी बदलते, कारण प्रश्न गटाचा नसून एका माणसाच्या अब्रूचा असतो, आणि कागदाला महत्त्व येते. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांना १८८२ मध्ये मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, ते कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत असल्याच्या कळकळीने त्यांनी लिहिले होते. पण ज्या पत्रांवर विसंबून लिहिले, ती पत्रे बनावट निघाली. हेतू चांगला असणे आणि पुरावा चांगला असणे यांत केवढे अंतर आहे, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. सरपंचाने निधी खाल्ला असे लिहायचे असेल, तर आधी माहितीच्या अधिकारात कागद काढावेत, त्यातला आकडा द्यावा, आणि ‘खाल्ला’ या शब्दाऐवजी ‘या कामाचे देयक निघाले, काम जागेवर दिसत नाही’ असे लिहावे. न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये लोकहितासाठी मांडलेल्या सत्याला आणि सार्वजनिक कामावरील प्रामाणिक मताला अपवाद आहे, त्याचा फायदा मग मिळतो.

जातीवरून कोणाचा सार्वजनिक ठिकाणी अपमान करणे हा वेगळाच विषय आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीबाबत १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, अटकपूर्व जामिनाची वाट जवळजवळ बंद असते, आणि ‘गावात तसे म्हणतातच’ हा बचाव होत नाही. जुन्या म्हणींपैकी बऱ्याच या खात्यात जातात. त्या स्टेटसवर ठेवण्यापूर्वी दहादा विचार करावा, किंवा सरळ ठेवूच नयेत.

पुढे पाठवणे हेही बोलणेच आहे

सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातले चार साधू पंढरपूरकडे निघाले असताना जत तालुक्यातील लवंगा गावात त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होत्या. साधूंची बोली गावाला परकी, गावाची साधूंना परकी. संशय आला आणि त्यांना पट्ट्यांनी, काठ्यांनी मारहाण झाली. त्यांचे प्राण वाचले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले होते. दोन्ही ठिकाणी मार खाणारे फिरस्ते होते, आणि ज्यांनी तो संदेश शंभर मैलांवरून ‘काळजीपोटी’ पुढे पाठवला होता, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्या गावाचे नावही ठाऊक नसावे.

म्हणून व्हिडिओ आला की त्यातल्या माणसांकडे पाहण्याआधी मागच्या भिंतीकडे पाहावे. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? गाडीची पाटी एमएच १० म्हणजे सांगलीची, एमएच ११ म्हणजे साताऱ्याची, एमएच ५० म्हणजे कऱ्हाडची आहे, की भलत्याच राज्याची? ऐकू येणारी भाषा आणि खाली लिहिलेले गाव जुळते का? पावसाळ्यात आलेल्या व्हिडिओत रस्ता कोरडा ठणठणीत आणि अंगावर स्वेटर असेल, तर तो आजचा नाही. शंका आल्यास त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला किंवा पोलीस पाटलाला फोन करावा. आपल्याकडे कोणत्याही गावात पाहुणा निघतोच. चुकून पाठवला गेलाच, तर गुपचूप काढून टाकण्यावर थांबू नये. ज्या ग्रुपवर पाठवला त्याच ग्रुपवर ‘मी पाठवलेला व्हिडिओ या गावचा नाही’ असे लिहावे, कारण तुमचा संदेश पाहून ज्याने पुढे ढकलला, त्याच्यापर्यंत नुसते पुसणे पोहोचत नाही.

ग्रुपचे अॅडमिन मला घाबरून विचारतात की दुसऱ्याच्या संदेशासाठी आपल्याला अटक होईल का. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले की समान हेतू किंवा आधीचा बेत दिसत नसेल, तर केवळ अॅडमिन आहे म्हणून सदस्याच्या मजकुरासाठी त्याला गुन्हेगार धरता येत नाही. तरीही त्या संदेशाखाली अॅडमिनने अंगठा दाखवला, तर मी त्याचा बचाव किती सहज करू शकेन, हे मला सांगता येणार नाही.

आपल्याला झोंबले तर काय करावे

टीका झोंबणार हे गृहीत धरावे. आगरकरांचे लेख वाचून संतापलेल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. ती त्यांनी पाहिली आणि लिहिणे चालू ठेवले. आक्षेपार्ह वाटणाऱ्या मजकुराचे आधी तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल असे छायाचित्र घ्यावे. ते दहा ग्रुपांवर ‘बघा काय लिहिलेय’ म्हणून टाकू नये. मूळ मजकूर चाळीस जणांनी वाचला असेल, तर तुमच्यामुळे तो चार हजारांनी वाचला, आणि फिरवणाऱ्यांत तुमचेही नाव आले. ज्याच्या नावाने मजकूर आहे त्यानेच तो टाकला, हेही गृहीत धरू नये, कारण बनावट खाते काढायला पाच मिनिटे पुरतात.

मग दोन-तीन जणांनी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि पोहोच घ्यावी. अर्जात ‘भावना दुखावल्या’ एवढेच न लिहिता नेमके वाक्य, ते कोणाविरुद्ध आहे आणि त्यातून काय करायला सांगितले आहे, हे लिहावे. तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३(३) पोलिसांना चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा देते, आणि एका खासदाराच्या कवितेवरून दाखल झालेला गुन्हा २८ मार्च २०२५ रोजी रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने शब्दांवरच्या तक्रारींत ही चौकशी आधी करणे योग्य असल्याचे सांगितले. त्यामुळे त्याच रात्री गुन्हा दाखल झाला नाही म्हणून ठाण्यासमोर गर्दी करू नये. शांतता समितीच्या सदस्यांना मात्र त्याच रात्री फोन करावा. समोरच्या समाजातला एक विचारी माणूस शोधून त्याच्याच तोंडून ‘हे चुकले’ असे वदवता आले, तर अर्जाची गरजही उरत नाही, असे मी दोनदा पाहिले आहे.

आरोपीला घरातून बाहेर काढून कान धरायला लावणे आणि माफीचा व्हिडिओ फिरवणे ही प्रथा अलीकडे आपल्याकडे रुळली आहे. ती कोणत्याही कायद्यात नाही. बेकायदा जमाव, घरात घुसणे, धमकी हे सारे गुन्हे त्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत घडतात, आणि तो व्हिडिओ करणाऱ्यांनी स्वतःच पुरावा म्हणून जपून ठेवलेला असतो.

तुमच्यावरच तक्रार झाली असेल, तर मजकूर लोकांच्या नजरेतून काढला तरी त्याची प्रत, तारीख आणि खालची चर्चा वकिलासाठी राखून ठेवावी, आणि मोबाईल साफ करण्याच्या फंदात पडू नये. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी बहुधा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ती आली की दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळी जावे. न्याय संहितेच्या कलम १९६ किंवा २९९ खालच्या खटल्याची दखल न्यायालयाने घेण्यापूर्वी शासनाची मंजुरी लागते, ती कागदपत्रांत आहे का, हे वकिलाला पाहायला सांगावे. फ्लेक्स असेल तर छापखान्याला पाठवलेली अंतिम प्रत, परवानगीचा अर्ज, भरलेल्या शुल्काची पावती आणि बदलण्यापूर्वीचे जुने प्रूफ हे सारे एका फायलीत लावून ठेवावे. तुम्ही कोणता शब्द काढून कोणता घातला, हे त्या दोन प्रुफांवरून हेतूबद्दल पुष्कळ काही सांगते. त्या दोन तरुणांचे जुने प्रूफ अजून माझ्याकडे आहे.